तक्त्यातून बालाघाट वेगळा काढताना: आर भाषेतील डेटा-निवडीचा आढावा

मोठ्या तक्त्यातून हव्या तेवढ्याच ओळी आणि हवे तेवढेच कॉलम वेगळे काढणे हे आर या सांख्यिकी भाषेत शिकावे लागणारे जवळजवळ पहिले काम आहे. सरासरी, आलेख, प्रारूपे हे सगळे त्यानंतर येते. काम साधे दिसते, तरी त्यासाठी आरमध्ये चार वेगवेगळ्या पद्धती आज शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांतली कोणती वापरावी आणि नवशिक्याला कोणती आधी शिकवावी यावर जाणकारांचे एकमत नाही. मतभेद वरवर लिखाणाच्या आटोपशीरपणाविषयी वाटतात. खोलात गेल्यावर प्रश्न वेगळाच निघतो: अट संदिग्ध असेल किंवा माहितीच नसेल, तेव्हा भाषेने स्वतःहून काय गृहीत धरावे, आणि ते वापरणाऱ्याला सांगावे की गुपचूप पुढे जावे?

हा प्रश्न कोरड्या उदाहरणांनी नीट कळत नाही. म्हणून इथे उदाहरण घेतले आहे ते मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा जिल्हा महाराष्ट्रातील गोंदिया-भंडाऱ्याला आणि छत्तीसगडला खेटून आहे. इथे हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी कानावर पडतात. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 17,01,698 होती आणि दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया होत्या. हे प्रमाण मध्य प्रदेशात सर्वाधिक होते. देशभराच्या आकडेवारीतून एवढा एक जिल्हा अचूक वेगळा काढायचा, तर भाषेची आणि तक्त्याची बहुतेक सगळी वळणे वाटेत येतात. पुढील उदाहरणांत फंक्शनांची आणि कॉलमांची नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष काम करताना ती बहुधा रोमन लिपीत असतात.

पार्श्वभूमी

आरची आई म्हणजे एस ही भाषा. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये तिचे काम सुरू केले. संख्याशास्त्रज्ञाने संगणकासमोर बसून एकेक आज्ञा द्यावी, उत्तर पाहावे आणि त्यावरून पुढचा प्रश्न ठरवावा, असा तिच्यामागचा विचार होता. आज ज्याला डेटा फ्रेम म्हणतात तो तक्ता, म्हणजे एका कॉलममध्ये नावे, दुसऱ्यात संख्या, तिसऱ्यात गट अशी सरमिसळ चालणारी रचना, एसमध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी त्याच वळणाची आर भाषा लिहिली. 1995 मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि तिची 1.0.0 ही आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी प्रसिद्ध झाली. तिची देखभाल करणाऱ्या मुख्य गटात दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील दीपायन सरकार यांचाही समावेश आहे.

या वंशावळीचा निवडीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. समोर बसून काम करणाऱ्या माणसाला टंकलेखन कमी लागावे म्हणून एसने बऱ्याच गोष्टी स्वतःच ठरवून टाकल्या होत्या. पुढे तीच भाषा हजारो ओळींचे, रोज आपोआप चालणारे कार्यक्रम लिहिण्यासाठी वापरली जाऊ लागली. माणूस पडद्याकडे पाहत असताना जी सोय होती, ती कोणी पाहत नसताना धोका ठरू शकते. आजचे बरेचसे मतभेद इथे जन्मतात.

चौकोनी कंस

मूळ पद्धत चौकोनी कंसाची. कंसात स्वल्पविरामाच्या डावीकडे ओळी आणि उजवीकडे कॉलम सांगायचे:

जिल्हे[जिल्हे$राज्य == "मध्य प्रदेश" & जिल्हे$प्रमाण > 1000, ]

2011च्या जिल्हावार तक्त्यावर ही आज्ञा चालवली की मध्य प्रदेशातील तेव्हाच्या 50 जिल्ह्यांपैकी बालाघाट, मंडला, डिंडोरी आणि अलीराजपूर एवढे चार हाती लागतात. उजवीकडची जागा रिकामी आहे, याचा अर्थ सगळे कॉलम हवेत. कंसात ओळीचा क्रमांक चालतो, ओळीचे नाव चालते, होय-नाही उत्तरांची यादी चालते, आणि ऋण क्रमांक दिला तर ती ओळ वगळली जाते. मोजणी एकापासून सुरू होते. एका खुणेत इतके मार्ग सामावल्यामुळे जाणकाराला हा कंस अतिशय लवचीक वाटतो. त्याच कारणाने नवशिक्या त्यात अडखळतो.

या कंसाच्या तीन खोड्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात यायला हव्यात. पहिली अशी. जनगणनेच्या गावयादीत वस्ती नसलेली, महसुली भाषेत बेचिराख म्हणतात तशी गावेही असतात. ती गाळण्यासाठी लोकसंख्या शून्य असलेल्या ओळींचे क्रमांक शोधून त्यांना ऋण चिन्ह लावण्याची सवय अनेकांना असते:

गावे[-व्हिच(गावे$लोकसंख्या == 0), ]

एखाद्या तहसिलीत एकही बेचिराख गाव नसेल, तर क्रमांकांची यादी रिकामी येते. रिकाम्या यादीला ऋण चिन्ह लावले तरी ती रिकामीच राहते, आणि रिकामी यादी कंसात गेली की एकही ओळ मिळत नाही. काही गाळायचे नव्हते तिथे सगळी तहसील गळून जाते, तीही इशाऱ्याविना.

दुसरी खोडी बरोबरीच्या चिन्हाची. बालाघाट आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांच्या ओळी हव्या असताना कॉलमची तुलना दोन नावांच्या यादीशी == ने केली, तर आर ती यादी पुन्हा पुन्हा वापरत जाते: पहिल्या ओळीची तुलना बालाघाटशी, दुसरीची गोंदियाशी, तिसरीची परत बालाघाटशी. बालाघाटची जी ओळ सम क्रमांकावर आली ती हुकली. ओळींची एकूण संख्या सम असेल तर कसलाही इशारा मिळत नाही. इथे योग्य चिन्ह %इन% हे आहे, जे प्रत्येक ओळीसाठी पूर्ण यादी तपासते. ही चूक पद्धत बदलल्याने टळत नाही. कंस असो वा पुढे येणारी नवी फंक्शने, तुलना तीच असल्याने फसगतही तीच होते.

तिसरी खोडी आकाराची. अनेक कॉलम निवडले तर तक्ता मिळतो, एकच निवडला तर तक्त्याचे कवच गळून नुसती यादी हाती येते. समोर बसलेल्याला हे सोयीचे. पण कॉलमांची संख्या आधी ठाऊक नसलेल्या कार्यक्रमात एके दिवशी एकच कॉलम येतो आणि पुढची आज्ञा कोसळते. ड्रॉप = फॉल्स लिहून हे थांबवता येते; ते दर वेळी आठवावे लागते.

सबसेट आणि नावांचा घोळ

कंसात तक्त्याचे नाव आणि डॉलरचे चिन्ह पुन्हा पुन्हा लिहावे लागते. आरमध्येच असलेले सबसेट हे फंक्शन ती दमणूक वाचवते:

सबसेट(जिल्हे, राज्य == "मध्य प्रदेश" & प्रमाण > 1000)

राज्य म्हणजे जिल्हे या तक्त्यातला राज्य कॉलम, हे फंक्शन स्वतः ओळखते. वाचायला हे कितीतरी बरे. तरीही आरच्या अधिकृत दस्तऐवजात या फंक्शनविषयी सावधगिरीची सूचना आहे: समोर बसून काम करताना वापरा, कार्यक्रम लिहिताना कंस वापरा.

कारण एका उदाहरणाने लख्ख होते. एखाद्याने दिलेल्या तहसिलीची गावे काढून देणारे फंक्शन लिहिले. तहसिलीचे नाव त्याने तहसील या चलात ठेवले आणि त्यात लांजी घातले. तक्त्यातल्या कॉलमचेही नाव तहसील हेच आहे. आता आत लिहिलेली अट तहसील == तहसील अशी होते. सबसेट दोन्ही बाजूंना कॉलमच पाहते, कॉलम स्वतःशी नेहमीच बरोबर असतो, आणि लांजीऐवजी कटंगी, वारासिवनी, बैहर सगळ्या तहसिलींची गावे परत येतात. आज्ञा बिनतक्रार चालते, उत्तर मात्र चुकीचे येते. नाव तक्त्यात शोधायचे की बाहेर, याचा निर्णय भाषेने मुकाट्याने घेतल्याचा हा परिणाम.

डेटा टेबल आणि डीप्लायर

या दोन अडचणींना, म्हणजे कंसाचा जडपणा आणि नावांची संदिग्धता यांना, दोन पॅकेजांनी दोन दिशांनी उत्तर दिले.

मॅट डाऊल यांचे डेटा टेबल 2006 मध्ये आले. त्याने चौकोनी कंस सोडला नाही, त्याचा अर्थ विस्तारला. कंसात आता तीन जागा आहेत: कोणत्या ओळी, त्यांचे काय करायचे, आणि कोणत्या गटाने.

जिल्हे[प्रमाण > 1000, सम(लोकसंख्या), बाय = राज्य]

एका दमात निवड, बेरीज आणि गटवारी. वेग हे त्याचे मोठे बळ. किल्ली लावलेल्या, म्हणजे ठरावीक कॉलमनुसार क्रम लावून ठेवलेल्या तक्त्यात ते द्विभाजन पद्धतीने शोधते, म्हणून देशातील सहा लाखांहून अधिक गावांच्या यादीतून एका तहसिलीची गावे काढणे क्षणाचे काम होते. मूळ आरखेरीज दुसऱ्या कोणत्याही पॅकेजवर ते अवलंबून नाही. त्याचे समर्थक याला वेगाइतकेच महत्त्व देतात: अवलंबित्व कमी, म्हणून मोडतोडही कमी. आक्षेप असा की कंस दाट होतो आणि आठवड्याने परत वाचताना अर्थ लावावा लागतो. शिवाय तक्ता जागच्या जागी बदलण्याची सोय त्यात असल्याने, प्रत समजून बदललेला तक्ता मूळचाच निघू शकतो.

हॅडली विकहम आणि रोमँ फ्रान्स्वा यांचे डीप्लायर जानेवारी 2014 मध्ये आले. त्याने कंस बाजूला ठेवला आणि प्रत्येक क्रियेला स्वतंत्र क्रियापद दिले. ओळींसाठी फिल्टर, कॉलमांसाठी सिलेक्ट, क्रमांकाने ओळी उचलण्यासाठी स्लाइस. या क्रिया एकामागून एक जोडता येतात:

जिल्हे |> फिल्टर(राज्य == "मध्य प्रदेश", प्रमाण > 1000) |> सिलेक्ट(जिल्हा, लोकसंख्या)

वाक्य डावीकडून उजवीकडे, कामाच्या क्रमाने वाचता येते. ही जोडणी आधी मॅग्रिटर नावाच्या पॅकेजमधून आली. ती इतकी रुळली की मे 2021च्या 4.1.0 आवृत्तीत मूळ आरनेच |> हे चिन्ह स्वीकारले. प्रतिस्पर्धी मानल्या गेलेल्या शैलींमध्ये देवाणघेवाण होत असल्याचा हा ठळक पुरावा आहे. हेच क्रियापदांचे व्याकरण डेटाबेसवरही चालते, तिथे ते एसक्यूएलमध्ये भाषांतरित होते. म्हणून तक्ता संगणकाच्या स्मृतीत मावत नसला तरी लिखाण बदलत नाही. एक छोटी अडचण सुरुवातीलाच भेटते. मूळ आरमध्ये कालमालिकांसाठी फिल्टर याच नावाचे दुसरे फंक्शन आहे, त्यामुळे डीप्लायर सुरू न करता आज्ञा दिली की भलतीच तक्रार समोर येते.

आक्षेप मुख्यतः स्थैर्याबद्दल आहेत. 2017 आणि 2020च्या आवृत्त्यांत डीप्लायरने आपली काही जुनी फंक्शने मागे टाकली आणि नावे हाताळण्याची रीत बदलली. विद्यापीठातल्या एखाद्या प्रबंधाचा किंवा सरकारी अहवालाचा जुना कार्यक्रम काही वर्षांनी तसाच चालेल का, ही शंका त्यातून येते. चौकोनी कंसात लिहिलेले वीस वर्षांपूर्वीचे बहुतेक लिखाण आजही चालते, हे मूळ पद्धतीच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आहे.

नावांच्या घोळावर दोन्ही पॅकेजांनी उपाय काढले. तक्त्यातले नाव आणि बाहेरचे नाव यांना वेगळी खूण लावण्याची सोय डीप्लायरमध्ये आहे. 2019 पासून दुहेरी महिरपी कंसाची सुटसुटीत रीतही आली. डेटा टेबलने 2024च्या 1.15.0 आवृत्तीत बाहेरची नावे स्वतंत्रपणे सांगण्याची जागा दिली. पण या सगळ्या सोयी वापरणाऱ्याने लक्षात ठेवून वापरायच्या आहेत. तहसील == तहसील असे लिहिले तर फिल्टरही आजही सगळी गावे परत करते.

पायथनच्या पांडाज या ग्रंथालयाचा अनुभव इथे पडताळण्यासारखा आहे. वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या या ग्रंथालयात आयएक्स नावाची एक निवडपद्धत होती. दिलेला आकडा हा ओळीचा क्रमांक मानायचा की ओळीचे नाव, हे ती परिस्थिती पाहून ठरवी. घोळ वाढल्यावर ती टप्प्याटप्प्याने बाद झाली आणि 2020च्या 1.0 आवृत्तीत उरली नाही. आता नावासाठी लोक आणि क्रमांकासाठी आयलोक, अशी उघड फारकत आहे. भाषेने अंदाज बांधू नये, या मताला या अनुभवाने वजन मिळाले.

माहिती नसेल तेव्हा

सर्वांत महत्त्वाचा आणि अजून न सुटलेला मतभेद हा आहे. आरमध्ये ठाऊक नसलेल्या किमतीला एनए म्हणतात. एनए पन्नासपेक्षा कमी आहे का, या प्रश्नाचे उत्तर आर होय देत नाही, नाहीही देत नाही. उत्तरही एनए येते. तर्काला धरून तेच बरोबर आहे. प्रश्न असा की निवडीत अशा ओळीचे काय करायचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2015-16च्या चौथ्या फेरीपासून जिल्हावार आकडे देते. एखाद्या जिल्ह्यात एखाद्या प्रश्नाला पात्र असलेल्या नोंदी 25 पेक्षा कमी असतील तर टक्केवारीच्या जागी तारा छापलेला असतो. या पत्रकांवरून सर्व जिल्ह्यांचा तक्ता केला आणि ताऱ्यांचे एनए केले. आता पन्नास टक्क्यांखालचे जिल्हे निवडायचे. चौकोनी कंस प्रत्येक एनएसाठी एक अख्खी रिकामी ओळ देतो, जिच्यात जिल्ह्याचे नावही एनए असते. नुसत्या ओळी मोजल्या तर जिल्हे फुगतात. सबसेट, फिल्टर आणि डेटा टेबल या तिघांतही असे जिल्हे गुपचूप गळतात. यादी स्वच्छ दिसते, आणि वाचणारा समजतो की उरलेले सगळे जिल्हे पन्नासच्या वर आहेत.

दोन्ही बाजूंना तर्क आहे. कंसाचे समर्थक म्हणतात की रिकामी ओळ डोळ्यांत खुपते, म्हणून निदान शोध तरी घेतला जातो. दुसरी बाजू म्हणते की अट पूर्ण झाल्याचे सिद्ध नसेल तर ओळ घेऊ नये, आणि डेटाबेसच्या भाषेत एसक्यूएलचा रिवाजही हाच आहे. सार्वजनिक धोरणाच्या आकडेवारीत दुसरी रीत अधिक धोक्याची वाटते, कारण तिथे माहिती कमी असलेले भाग बहुधा आधीच दुर्लक्षित असतात. निवडीबरोबर अट पूर्ण, अट अपूर्ण आणि ठाऊक नाही अशा तिन्ही संख्या छापण्याची शिस्त हा यावरचा साधा तोडगा आहे. कोणत्याही पद्धतीत तो दोन ओळींचे काम आहे, पण कोणतीच पद्धत तो आपणहून करत नाही.

त्याच ताऱ्याचा आणखी एक प्रताप. तारे तसेच ठेवून फाइल वाचली तर आर तो कॉलम मजकूर मानते. मग पन्नासशी केलेली तुलना अक्षरांच्या क्रमाने होते आणि 9.5 ही किंमत 50 पेक्षा मोठी ठरते, कारण पहिला अंक नऊ आहे. आज्ञा याहीवेळी बिनतक्रार चालते.

फॅक्टर या, ठरावीक गटांची यादी जपणाऱ्या कॉलम-प्रकाराची कटकट मात्र बरीच ओसरली आहे. पूर्वी तक्ता वाचताना नावांचे कॉलम आपोआप फॅक्टर होत आणि निवडीनंतरही जुने गट स्मरणात ठेवत. बालाघाट निवडून जिल्हावार मोजणी मागितली की 2011च्या उरलेल्या 639 जिल्ह्यांची नावे शून्यासह छापली जात. एप्रिल 2020च्या 4.0.0 आवृत्तीत हे आपोआप होणे थांबले. जुने लिखाण मोडण्याची जोखीम पत्करून केलेला हा बदल आज सर्वमान्य आहे.

तक्त्याची घडण

निवडीच्या चर्चेत भाषेला जितकी जागा मिळते तितकी तक्त्याला मिळत नाही. जनगणनेचा प्राथमिक गोषवारा हे त्याचे उत्तम उदाहरण. या फाइलमध्ये राज्य, जिल्हा, तहसील, शहर आणि गाव या सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, आणि जिल्हा व तहसील पातळीला एकूण, ग्रामीण व नागरी अशा तीन-तीन ओळी असतात. नाव बालाघाट असलेल्या ओळी मागितल्या की जिल्ह्याच्या तीन ओळी येतात, शिवाय त्याच नावाच्या तहसिलीच्याही. नुसत्या जिल्ह्याच्या तीन ओळींची बेरीज केली तरी लोकसंख्या 34,03,396 भरते, प्रत्यक्षाच्या बरोबर दुप्पट. पातळीची अट आणि एकूण ही अट जोडल्याशिवाय योग्य आकडा मिळत नाही, मग लिखाण कंसात असो वा फिल्टरमध्ये.

मातृभाषेच्या तक्त्यात हीच अडचण दुसऱ्या रूपात भेटते. तिथे भाषेच्या मथळ्याची ओळ असते आणि तिच्याखाली त्या भाषेत धरलेल्या मातृबोलींच्या ओळी असतात. दोन्ही घेतल्या तर माणसे दोनदा मोजली जातात. शिवाय पोवारी ही बालाघाट-गोंदियाकडची बोली जनगणनेने हिंदीच्या गटात धरली आहे. बालाघाटातील हिंदी भाषक निवडताना पोवारी आत येते, मातृबोलीच्या नावाने निवडले तर बाहेर राहते. निवडीची अट लिहिण्याच्या कितीतरी आधी, वर्गीकरण करणाऱ्याने एक निवड करून ठेवलेली असते.

काळाच्या बाबतीत तर राज्याचे नावही भरवशाचे नाही. 1951च्या जनगणनेतील मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यात विदर्भाचे जिल्हे होते. 1956 मध्ये ते मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला, 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाले. अनेक दशकांचे तक्ते एकत्र करून राज्य == "मध्य प्रदेश" ही अट लावली तर प्रत्येक दशकात वेगळाच भूभाग निवडला जातो. आधीच्या जनगणनांत गोंदिया नावाने जिल्ह्याची ओळ मिळणारच नाही, आणि निवड रिकामी येणे म्हणजे तिथे माणसे नव्हती असे नव्हे.

म्हणून नावापेक्षा संकेतांक वापरावेत असा सल्ला दिला जातो. तो योग्य आहे, पण अर्धा. 2011 मध्ये जिल्ह्यांना 001 ते 640 असे तीन अंकी संकेतांक होते. फाइल वाचताना आरने त्यांना संख्या मानले की 001चा 1 होतो, आणि "001" ही अट कशाशीच जुळत नाही. संकेतांक मजकूर म्हणून वाचायचे, हे आधीच सांगावे लागते. शिवाय 2001चे आणि 2011चे जिल्हा-संकेतांक वेगवेगळे आहेत. दोन्ही जुळवणारी सारणी हाताशी नसेल तर संकेतांकही फसवतात.

देवनागरी नावे

मराठी आणि हिंदी वापरणाऱ्यांपुरती एक अडचण खास आहे, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच येते. बालाघाट जिल्ह्यातील एका तहसिलीचे हिंदी नाव परसवाड़ा. त्यातले ड़ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ड आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. आरचे == मात्र आतल्या चिन्हांची तुलना करते आणि दोन्ही वेगळी ठरवते. एका कार्यालयाच्या फाइलमधली परसवाड़ा तहसील दुसऱ्या फाइलशी जुळत नाही, आणि कितीही टक लावून पाहिले तरी कारण दिसत नाही. मराठी परसवाडा, अनुस्वाराची लांजी आणि चंद्रबिंदूची लाँजी, रोमन लिपीतली वारासिवनीची निरनिराळी स्पेलिंगे, नावामागे राहिलेली रिकामी जागा, ही त्यातलीच भर.

मारेक गागोलेव्स्की यांच्या स्ट्रिंगी या पॅकेजात सगळा मजकूर एका ठरावीक रूपात आणण्याची सोय आहे. नुक्त्याचा प्रश्न त्याने पुरता सुटतो. अनुस्वार-चंद्रबिंदूचा सुटत नाही, कारण तो संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या लेखनांचा भेद आहे. ढोबळ जुळणीची फंक्शने आहेत, पण लांजी शोधताना खैरलांजीही पकडणारी जुळणी कितपत ढोबळ ठेवावी हे स्थानिक माहितीवाचून ठरवता येत नाही. निवडीची कोणतीही पद्धत ही जबाबदारी घेत नाही. घ्यावी का, यावर फारसा विचारही झालेला नाही.

नमुना पाहणीतील निवड

जनगणनेत प्रत्येक ओळ मोजलेली असते. नमुना पाहणीत एकेक ओळ अनेक कुटुंबांच्या वतीने बोलते, म्हणून तिथे निवडीचे नियम बदलतात. भारतात या शास्त्राची परंपरा मोठी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 मध्ये सुरू झाली, आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील 1954चा ग्रंथ जगभर वापरला गेला.

पाहणीच्या कच्च्या नोंदींतून फक्त आदिवासी कुटुंबे किंवा फक्त स्त्री कुटुंबप्रमुख निवडायचे असतील, तर सहज सुचणारी रीत म्हणजे आधी फिल्टर आणि मग सरासरी. भार योग्य वापरले तर सरासरी बरोबर येते. तिची संभाव्य चूक मात्र बिघडते, कारण ज्या नमुना गावांत असे एकही कुटुंब सापडले नाही ती गावे तक्त्यातूनच नाहीशी होतात आणि पाहणीची मूळ रचना हरवते. थॉमस लमली यांच्या सर्व्हे या पॅकेजात त्यामुळे क्रम उलटा आहे: आधी संपूर्ण नमुन्यावरून रचना सांगायची, मग त्या रचनेवर सबसेट चालवायचे. नको असलेली कुटुंबे हिशेबातून जातात, पण गावे आणि स्तर यांची आठवण राहते. या मुद्द्यावर तज्ज्ञांत मतभेद नाही. तरी रोजच्या कामात हा क्रम वारंवार चुकतो, कारण फिल्टरची सवय हाताला आधी लागलेली असते.

शिकवण्याचा प्रश्न

नवशिक्याला काय आधी शिकवावे, यावर दोन ठाम मते आहेत. एका मतानुसार डीप्लायरपासून सुरुवात करावी: विद्यार्थी पहिल्याच दिवशी खऱ्या तक्त्यातून अर्थपूर्ण उत्तर काढतो, त्याचा हुरूप टिकतो, आणि भाषेची खोल अंगे नंतर शिकता येतात. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2017 मध्ये ही बाजू मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नॉर्मन मॅटलॉफ यांचे म्हणणे उलट आहे: कंस, डॉलर आणि यादी या मूळ गोष्टी थोड्या आणि स्थिर आहेत, त्या टाळून शिकलेला विद्यार्थी पॅकेजबाहेर पाऊल टाकताच अडतो. बहुतेक शिक्षक आज दोहोंची सांगड घालतात, पण क्रमाबद्दलचा प्रश्न मोजून-मापून सुटावा इतका अभ्यास झालेला नाही.

मराठीत किंवा हिंदीत शिकणाऱ्यांसाठी प्रश्नाला आणखी एक पदर आहे. डीप्लायरचे वाचनीयतेचे मोठे श्रेय त्याच्या इंग्रजी क्रियापदांना जाते. बालाघाट किंवा गोंदियाच्या महाविद्यालयात मातृभाषेतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ती क्रियापदे तितकीच पारदर्शक वाटतील, असे गृहीत धरता येत नाही. त्याच्या लेखी चौकोनी कंस आणि सिलेक्ट ही दोन्ही सारखीच नवी चिन्हे असू शकतात. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने आरचे पाठ तयार केले आहेत, आणि भारतीय भाषांतून ध्वनी देण्याची त्याची पद्धत या दिशेने उपयोगी आहे. कोणत्या शैलीने भारतीय भाषांतले विद्यार्थी लवकर शिकतात हे मात्र कोणी पडताळून पाहायला हवे आहे; ते झाल्याशिवाय वरच्या दोन्ही मतांचा भारतातील वर्गाशी संबंध अंदाजाचाच राहतो.

दरम्यान पुढील जनगणना जवळ आली आहे. तिची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी 1 मार्च 2027 ठरली आहे. 2011 नंतर मध्य प्रदेशात नवे जिल्हे झाले आहेत. 2011च्या नावांवर आणि संकेतांकांवर बेतलेल्या निवडीच्या अटी नव्या तक्त्यांवर चालवण्याआधी एकेक करून तपासाव्या लागतील, आणि जुन्या-नव्या संकेतांकांची जुळवणी-सारणी आधी तयार ठेवावी लागेल.